पर्यायशब्दांचे खूळ

चातुर्मासात नाना तऱ्हेचे नेम धरण्याची चाल आमच्या समाजात जुनी आहे. कोणी एकभुक्त राहतो, कोणी लाख वाती लावण्याचा संकल्प सोडतो. अलीकडे सुशिक्षित घरांतून या नेमांच्या जोडीला एक नवे व्रत येऊन बसले आहे, आणि ते चार महिन्यांचे नसून बारमाही आहे. 'रोज दहा शब्द' हे त्याचे नाव. विधी सोपा आहे. सकाळी उठून एखाद्या पुस्तकातून, किंवा हल्लीच्या रीतीप्रमाणे मोबाइलच्या पडद्यावरून, इंग्रजी भाषेतील दहा अवघड शब्द उतरून घ्यावयाचे. प्रत्येकापुढे दोन समानार्थी शब्द, दोन विरुद्धार्थी शब्द व एक वाक्य लिहावयाचे. दिवसभर त्यांचा जप करावयाचा आणि रात्री आईसमोर ते घडाघडा म्हणून दाखवावयाचे. वर्षाच्या शेवटी साडेतीन हजारांवर शब्दांचे उद्यापन होते, आणि त्या पुण्याईने परीक्षा, नोकरी व परदेशगमन ही तिन्ही फळे मिळतात, अशी या व्रताची फलश्रुती आहे.

ही फलश्रुती खोटी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एके काळी या व्रताचे पौरोहित्य आम्ही स्वतः केले असल्यामुळे ते उघडपणे सांगण्याचे कर्तव्यही आम्हांवर येते. आम्हांस इंग्रजीचा द्वेष आहे असा तर्क मात्र कोणी करू नये. तीस वर्षे आम्ही त्या भाषेचेच अन्न खात आहो. तिचे ज्ञान आमच्या मुलांस उत्तम व्हावे अशी इच्छा आहे, म्हणूनच हा वाद मांडीत आहो.

प्रथम आपल्याच भाषेकडे पाहू. 'कडक' या शब्दास समानार्थी शब्द कोणता, असे विचारल्यास विद्यार्थी 'कठीण' असे सांगेल, आणि गुरुजी त्यास पुरा गुण देतील. परंतु आपण कडक चहा पितो, कठीण चहा पीत नाही. ऊन कडक असते, इस्त्री कडक असते, शिस्त कडक असते. प्रश्न मात्र कठीण असतो, प्रसंग कठीण असतो. तसेच विरुद्धार्थी शब्दांचे. कडक लाडवाच्या उलट मऊ लाडू, कडक उन्हाच्या उलट कोवळे ऊन, कडक शिस्तीच्या उलट ढिली शिस्त, आणि कडक चहाच्या उलट पाणचट चहा. एका शब्दाचे चार विरोधी निघाले, आणि त्यांतील एकाची जागा दुसऱ्यास देता येत नाही. मृत्यूसंबंधीचे शब्द घ्या. कोणी वारतो, कोणी निवर्ततो, कोणी कैलासवासी होतो, कोणी मरतो, तर कोणी गचकतो. यादीच्या दृष्टीने हे सारे एक. परंतु शेजारच्या आजोबांच्या समाचारास जाऊन 'आजोबा कधी गचकले?' असे जो विचारील, त्यास त्या घरात पुन्हा पाऊल टाकता येणार नाही. हे ज्ञान आपणांस कोणत्या यादीने दिले? कोणत्याही नाही. हजारो वेळा ते शब्द योग्य माणसाच्या तोंडून, योग्य प्रसंगी ऐकून ते आपल्या अंगी मुरले आहे.

इंग्रजी भाषा याहून निराळ्या धातूची घडलेली नाही. 'फ्रेश' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द कोणता? पाव फ्रेश नसेल तर तो 'स्टेल' होतो, फळे फ्रेश नसतील तर ती 'रॉटन' होतात, आणि पाणी फ्रेश नसेल तर ते समुद्राचे, म्हणजे 'सॉल्ट' असते. 'ओल्ड'च्या उलट माणसाच्या बाबतीत 'यंग', घराच्या बाबतीत 'न्यू'. शब्दाच्या आरंभी 'इन' लावले की अर्थ उलटतो, असा नियम यादीवाले सांगतात. त्या नियमावर विसंबून राहणाऱ्यास 'फ्लॅमेबल' व 'इनफ्लॅमेबल' या दोहोंचाही अर्थ 'पेट घेणारे' असाच आहे हे कळावयाचे नाही, आणि त्या अज्ञानात बोटेही पोळावयाची. 'व्हॅल्युएबल' म्हणजे मोलाचे. पण 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही इतके मोठे.

'आम्ही शब्दाखाली वाक्यही देतो' असे यावर उत्तर मिळेल. ती वाक्ये आम्ही पाहिली आहेत. 'गॅर्युलस' या शब्दाखाली वाक्य असते, 'तो गॅर्युलस मनुष्य आहे.' त्या जागी 'उंच', 'कंजूष', 'धर्मशील' यांपैकी कोणताही शब्द घातला तरी वाक्य जसेच्या तसे उभे राहते. मग त्या वाक्याने शिकविले काय? आता हे वाक्य पाहा: 'शेजारी बसलेल्या त्या गॅर्युलस गृहस्थाने पुण्यास गाडी सुटल्यापासून दौंड येईपर्यंत आपल्या मुलीच्या लग्नाची हकिकत सांगितली, आणि दौंडानंतर मुलाच्या मुंजीची सुरू केली.' येथे शब्द झाकून ठेवला तरी वाचकास तो बहुतेक ओळखता येतो. उदाहरणवाक्याची ही एकच कसोटी आहे: शब्द झाकावा, आणि वाक्याने त्याची जागा ओरडून सांगावी. बाजारातील किती पुस्तके या कसोटीस उतरतात, हे वाचकांनी आपल्या घरचे पुस्तक उघडून पाहावे.

आता पूर्वपक्षाकडे वळू. कोणी विद्वान म्हणतील, 'आपल्या पूर्वजांनी अमरकोश पाठ केला, तो पर्यायशब्दांचाच नव्हे काय?' होय, होता. परंतु अमरकोशाचे खरे नाव 'नामलिङ्गानुशासन' असे आहे. म्हणजे तो नामाबरोबर त्याचे लिंगही शिकवितो, शब्द वाक्यात कसा चालेल याची तजवीज करितो. शिवाय संस्कृत पर्याय बहुधा आपला अर्थ आपल्या अंगावर वागवितो. अग्नीच्या नावांत 'पावक' म्हणजे पवित्र करणारा, 'वायुसख' म्हणजे वाऱ्याचा मित्र, 'कृष्णवर्त्मा' म्हणजे ज्याची वाट काळी पडते तो. प्रत्येक नाव अग्नीचे निराळे रूप दाखविते. आणि मुख्य गोष्ट ही की, अमर म्हणणारा विद्यार्थी पुढे रघुवंश व इतर काव्ये हाती घेत असे. पाठ केलेले शब्द त्यास तेथे सजीव होऊन भेटत. आमची मुले कोश पाठ करितात आणि काव्याचे पान उघडीतच नाहीत. बी साठवून ठेवावयाचे आणि पेरावयाचे मात्र नाही, असा हा प्रकार आहे.

दुसरे विद्वान पीटर मार्क रॉजे याच्या पर्यायकोशाचा दाखला देतील. हा इंग्रज वैद्य व शास्त्रज्ञ १८०५ सालापासून स्वतःच्या उपयोगाकरिता शब्दांची जुळणी करीत होता, आणि १८५२ साली त्याचा प्रसिद्ध कोश छापून निघाला. त्यात विरोधी कल्पना समोरासमोर मांडल्या आहेत हेही खरे. परंतु तो कोणासाठी? ज्याच्या मनात कल्पना आहे, ज्यास शब्द माहीत आहेत, पण लिहिताना नेमका शब्द जिभेवर येत नाही, अशा लेखकासाठी. ओळखीच्या माणसांच्या गर्दीत हवा तो माणूस शोधून देणारा तो मार्गदर्शक आहे; अनोळखी माणसांशी ओळख करून देणे हे त्याचे काम नव्हे. ओळख करून देण्याचे काम करावयाचे तर डॉ. सॅम्युअल जॉन्सनची रीत पाहावी. त्याने १७५५ साली आपला कोश काढला तेव्हा सुमारे बेचाळीस हजार शब्दांखाली लाखाच्या वर अवतरणे दिली. नामांकित लेखकांनी शब्द कसा वापरला हे दाखविल्याशिवाय त्याचा अर्थ सांगून संपत नाही, हे त्याने ओळखले होते.

तिसरा आक्षेप व्यवहारी गृहस्थांचा. 'परीक्षेत विचारतात, त्यास काय करावे?' आमच्याकडील कित्येक स्पर्धापरीक्षांत सुटा शब्द देऊन त्याचा समानार्थी अथवा विरुद्धार्थी शब्द निवडावयास सांगतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या अमेरिकेतील परीक्षांच्या धाकाने हे खूळ आमच्या मध्यमवर्गीय घरांत शिरले, तेथे काय झाले? महाविद्यालयांच्या प्रवेशाकरिता असलेल्या एसएटी परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ सालीच काढून टाकण्यात आले. पदव्युत्तर शिक्षणाकरिता असलेल्या जीआरई परीक्षेने तेच २०११ साली केले, आणि वाक्यातील रिकामी जागा अर्थाच्या अनुरोधाने भरण्यावर भर दिला. देवच देवळातून उठून गेला, आणि आमचे भक्त मात्र गाभाऱ्यास प्रदक्षिणा घालीत आहेत.

चौथा आक्षेप सर्वांत बळकट आहे, आणि त्यापुढे आम्ही काही काळ निरुत्तर झालो होतो. 'शहरातील मुलाच्या कानांवर इंग्रजी पडते, घरी पुस्तके असतात. खेड्यातील मुलास यादीवाचून दुसरी शिडी कोठे आहे?' याच विचाराने, सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शिकवीत असता, आम्ही स्वतः पाचशे शब्दांची एक यादी तयार केली होती. एका शब्दापुढे त्याचे पर्याय, शेवटी विरोधी शब्द, अशी ती सुबक मांडणी होती, आणि तिचा आम्हांस अभिमानही होता. वर्गात एका शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याने ती यादी अक्षरशः मुखोद्गत केली. पदवी मिळाल्यावर त्याने एका नोकरीसाठी अर्ज केला. आपण हुशार व चिकाटीचे आहो, असे त्यास लिहावयाचे होते. आमच्या यादीत 'क्लेव्हर'पुढे 'कनिंग' होते, आणि 'पर्सिस्टंट'पुढे 'ऑब्स्टिनेट'. साधे शब्द लिहिले तर आपण अडाणी ठरू या भयाने त्याने भारी शब्द निवडले. 'मी लबाड व हट्टी आहे' असा तो अर्ज झाला. मुलाखतीच्या वेळी तो मोठ्याने वाचण्यात आला व मंडळी हसली. मुलगा परत आला तो ती यादी घेऊनच. रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, 'सर, दोन्ही शब्द ह्याच कागदावरचे आहेत. माझं कुठं चुकलं ते सांगा.' त्याचे काहीच चुकले नव्हते. चूक आमची होती, आणि तिची किंमत त्याने दिली होती.

म्हणून आमचे म्हणणे असे की, यादीने सर्वांत अधिक नुकसान होते ते खेड्यातील मुलाचेच. शहरातील मुलाने यादीतील शब्द चुकीचा वापरला तर त्यास सुधारणारा कोणीतरी भेटतो. खेड्यातील मुलगा मात्र छापील अक्षरावर श्रद्धा ठेवितो. त्याच्यासाठी दुसरी शिडी नाही असेही नाही. मायकेल वेस्ट हा शिक्षक त्या वेळच्या अखंड हिंदुस्थानात, ढाक्यास, मुलांस इंग्रजी शिकविण्याच्या अनुभवातून शिकला. पुढे त्याने एका सहकाऱ्यासह १९३५ साली काढलेल्या कोशात सुमारे चोवीस हजार शब्द व प्रयोग अवघ्या दीड हजार सोप्या शब्दांत उलगडून दाखविले. त्याने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या नित्योपयोगी शब्दांच्या संग्रहात सुमारे दोन हजार शब्द आहेत, आणि सामान्य इंग्रजी मजकुराचा फार मोठा भाग एवढ्या शब्दांनीच व्यापिलेला असतो. ए. एस. हॉर्नबी याने जपानातील विद्यार्थ्यांस शिकविताना असाच अनुभव घेतला. त्याचा व त्याच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला, व १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या शेजारी बसतो, हे वाक्यांनी दाखविणे हा त्याचा विशेष. त्याच्या नव्या आवृत्त्या आजही सर्वत्र मिळतात. असा एक कोश आणि सोप्या इंग्रजीतील दहा-बारा गोष्टींची पुस्तके, एवढे भांडवल कोणत्याही शाळेस जड नाही.

मग समानार्थी शब्द शिकवूच नयेत काय? शिकवावेत; पण ते सारखे आहेत म्हणून नव्हे, तर ते निराळे कोठे होतात हे पाहण्यासाठी. आणि त्याचा आरंभ मराठीपासून करावा. राग, रुसवा, त्रागा, संताप, कोप, चीड हे शब्द मुलासमोर ठेवा व विचारा, रुसवा कोणावर धरतात? परक्यावर का धरीत नाहीत? त्रागा करणारा मनुष्य शेवटी कोणास त्रास देतो? कोप देवाचा होतो, पण शेजाऱ्याचा का होत नाही? आठ वर्षांचे मूलही यावर उत्साहाने बोलेल. ज्या मुलास हा फरक मराठीत दिसला, ते पुढे 'अँगर', 'रेझेंटमेंट' आणि 'इंडिग्नेशन' समोर आले की आपण होऊन विचारील, 'यांत फरक काय?' हा प्रश्न विचारता येणे म्हणजेच भाषा येऊ लागणे. यादीने शिकलेले मूल तो प्रश्न कधीच विचारीत नाही. कारण या सर्वांचा अर्थ एकच, असे त्यास आरंभीच सांगितलेले असते. आणि ज्या घरांत इंग्रजीच्या हव्यासापायी मुलांशी मराठी बोलणेच बंद झाले आहे, त्या घरांनी तर शब्द तोलण्याचा काटाच मोडून टाकिला आहे.

आईबापांस आमची विनंती एवढीच आहे. दहा शब्दांचा नेम उद्यापासून सोडा, आणि त्याच वेळात मुलाबरोबर एका चांगल्या इंग्रजी पुस्तकाचे एक पान वाचा. त्यात अडलेला एखादाच शब्द घ्या. तो तेथे का आला, त्याच्या शेजारी कोण बसले आहे, मराठीत त्या ठिकाणी आपण काय म्हणालो असतो, याची चर्चा करा. रात्री मुलाने दहा शब्द म्हणून दाखविण्याऐवजी त्या एका शब्दाने स्वतःच्या घरातली खरी गोष्ट सांगणारे एक वाक्य करावे. वर्षाच्या शेवटी साडेतीन हजार शब्द होणार नाहीत, तीनशे होतील. परंतु ते मुलाचे स्वतःचे असतील, आणि नोकरीच्या अर्जात ते त्यास तोंडघशी पाडणार नाहीत.