फिल्म रद्दीत टाकू नका!

“छातीत गाठ निघाली!” एवढे शब्द कानी पडले, की घरातला आकाशकंदील विझलाच म्हणून समजा. भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावी, गोदामांच्या रांगांआड, थोरल्या भावाच्या घरी हेच घडले. सीटी स्कॅनच्या कागदावर फुप्फुसात ७ मिलिमीटरची गाठ. एक पक्ष म्हणाला, ‘कॅन्सरच!’ दुसरा म्हणाला, ‘छे, जुना क्षय असेल, सोडून द्या.’ या दोन्ही पक्षांशी माझे भांडण आहे.

अहो, जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात, तिथे बऱ्या झालेल्या क्षयाची गाठ फुप्फुसात सापडली तर नवल ते काय? पण भावाने तरुणपणी विड्या ओढल्या, तेही विसरून कसे चालेल? २०११ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भरपूर धूम्रपान केलेल्यांना साध्या एक्स-रेऐवजी सीटीने तपासल्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. मात्र संशयित ठरलेल्या दर १०० निकालांतले सुमारे ९६ खोटे निघाले! तेव्हा हाउन्सफील्डना १९७९ साली ज्याने नोबेल मिळवून दिले, त्या यंत्राला हसू नये. आणि त्याला देवही मानू नये.

गाठीच्या मधोमध चुना साठलेला असला, किंवा आत चरबी दिसली, तर ती बहुधा निरुपद्रवी. कडा काटेरी असल्या तर संशय घ्यावा. परंतु पुष्कळदा खरा साक्षीदार असतो तो काळ. भरीव गाठ दोन वर्षांत वाढलीच नाही, तर बहुधा भय नाही. उलट ८ मिलिमीटरची १० झाली, तर डोळ्यांना फरक किरकोळ. पण आकारमान जवळजवळ दुप्पट!

म्हणूनच मी विचारले, “दादा, तुझा जुना सीटी कुठे आहे?” वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, “गेल्या दिवाळीच्या झाडलोटीत रद्दीत गेला.” त्यांना मी काय बोलणार? तपासणाऱ्या डॉक्टरांनी तरी तो कुठे मागितला होता! एका फिल्मने कदाचित आजच उत्तर दिले असते. आता सहा महिने थांबून पुन्हा सीटी. तोवर घरात कोणाला धड झोप नाही.

भिवंडीचा व्यापारी लक्ष्मीपूजनाला चोपड्या पुजतो, जुना हिशेब जपतो. देहाचा हिशेब तेवढा रद्दीच्या भावाने विकावा काय? वाचकहो, यंदा माळा झाडताना ती जुनी पाकिटे बाजूला ठेवा. आणि डॉक्टरांनी मागितली नाहीत, तरी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा!