आधी जमिनीवरून उठून दाखवा

दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली. १९६५ साली तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. विक्रीसाठी निवडलेला तो गोल आकडा आज आपल्या माजी सैनिकांच्या मनगटावर येऊन बसलाय. सुट्टीवर गावी गेलो की कुणीतरी हात पुढे करतोच, "साहेब, आज दहा हजार पूर्ण!" आणि मग तोच हात खुर्चीवर दाबून, कण्हत उठतो.

चालायला माझा विरोध नाही. जरूर चाला. माझं भांडण आहे ते त्या आकड्याला तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट समजण्याशी. पायांत जोर किती उरलाय, तोल सांभाळतो का, यातलं काही घड्याळ सांगत नाही. फौजेत कुणी आपल्याला विचारलं होतं का, आज किती पावलं चाललास म्हणून? पाच किलोमीटर किती मिनिटांत, दोरावर चढतोस का, नऊ फुटांचा खड्डा ओलांडतोस का, हे विचारलं. करून दाखव, मग बोल. वर्दी उतरली आणि ही सवय आपण किटबरोबर क्वार्टर मास्टरच्या स्टोअरमध्ये जमा करून आलो.

फौजेची पद्धत अगदी निर्दोष आहे असंही नाही. बीपीईटीची तारीख आधी कळते, मग पंधरा दिवस मैदानावर गर्दी उसळते. त्यात आम्ही अधिकारीही आलो. त्यामुळे पुष्कळदा वर्षभराच्या तंदुरुस्तीऐवजी पंधरवड्याची तयारीच मोजली जाते. घरी चाचणी उद्या सकाळी, तयारी न करता घेता येते. अडचण एवढीच की पंचही आपणच. म्हणून मोजायला नातवंड बसवा. नात असेल तर उत्तम, ती अर्धवट उठलेलं मोजत नाही.

हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे. तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं, किती वेळा होतं ते मोजायचं. हाताचा आधार घेतला की गुण शून्य. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाचे चौदाच्या खाली आले तर सरासरीपेक्षा कमी, बाईचे बाराच्या खाली. पासष्ट ते एकोणसत्तरला पुरुषाला बारा, बाईला अकरा. ही चाचणी अमेरिकेत खास ज्येष्ठांसाठी बसवलेली आहे, तेव्हा 'हे पोराटोरांचं काम' असं म्हणायची सोय नाही. पन्नाशीच्या आतल्यांनी या आकड्यांवर खूश होऊ नये.

दुसरी चाचणी जमिनीची. उभ्याचं खाली मांडी घालून बसायचं आणि उठायचं. बसायला पाच गुण, उठायला पाच. हात, कोपर, गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण गेला, तोल गेला की अर्धा. ब्राझीलचे डॉक्टर क्लाउडिओ जिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना ती करायला लावली आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१२ साली निष्कर्ष छापून आला : कमी गुणवाल्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त. गुण कमी म्हणजे यमदूत दारात, असा त्याचा अर्थ काढू नका. पण एक गंमत बघा, ही परीक्षा आपली आजी रोज वीस वेळा पास होत होती. चुलीपाशी, जात्यावर, पंगतीत वाढताना. आपण मात्र सोफा घेतला, डायनिंग टेबल घेतलं आणि पाट माळ्यावर टाकला.

कमरेसाठी वजनकाटा नको, सुतळी पुरे. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या, दुमडून अर्धी करा आणि पोटाभोवती आणा. टोकं जुळली नाहीत तर पुढचं तुम्हाला कळतंच. श्वास आत ओढून जुळवू नका.

"साहेब, आता या वयात काय सुधारणार?" हे मला साठीची माणसंही विचारतात आणि पंचेचाळीसचीही. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या घरातल्या दहा वृद्धाश्रमवासीयांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला होता. पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. तेव्हा वयाची सबब नको. गुडघ्याची सबब खरी असेल तर डॉक्टरला दाखवा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, बायपास झाली असेल तर यातलं काहीही करण्याआधी ईसीएचएसच्या डॉक्टरांना विचारा, तिथे मर्दुमकी नको. बाकीच्यांनी 'आमच्या वेळी आम्ही...' हे वाक्य खुर्चीतून उठता उठता म्हणून दाखवावं.

माझ्या पहिल्या युनिटमधले एक सुभेदार साहेब आहेत, वय अडुसष्ट. एके काळी मोर्टारची बेसप्लेट पाठीवर घेऊन चढ चढलेला माणूस. रोज पहाटे तासभर चालायचे. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात घसरून बसले. हाड मोडलं नाही, खरचटलंही नाही. पण उठता येईना. सूनबाई शेतावरून येईपर्यंत दोन तास तसेच ओल्या फरशीवर. मला फोनवर हे सांगताना ते हसत होते. मला हसता आलं नाही.

डॉक्टरांना दाखवून झाल्यावर आम्ही ठरवलं. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून उठबस, जमतील त्याच्या निम्म्या, पण तीन वेळा. सुरुवातीला खुर्चीवर उशी. पंधरवड्याने उशी काढली, मग खुर्चीऐवजी ठेंगणं स्टूल, शेवटी पाट, पहिल्यांदा भिंतीला हात लावून. हातांसाठी ओट्याला टेकून जोर मारायचे, ते सोपे झाले की पलंगाच्या कडेला. दात घासताना एका पायावर, दुसरा हात बेसिनवर तयार. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी खुर्चीची चाचणी, आकडा कॅलेंडरच्या मागे लिहायचा. पहिल्या महिन्याचा आकडा होता सहा. तो लिहायला त्यांना लाज वाटत होती, मी लिहायला लावला.

चालणं त्यांनी सोडलेलं नाही. या रविवारी अकरा झाले. बारावं झालं असं त्यांचं म्हणणं आहे, पण नात मोजायला तयार नाही.