गाड्या सुसाट, उजनीकाठ अजून होडीत: पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग नेमका कुणाला जोडतो?

करमाळा तालुक्यातल्या कुगावच्या काठावर उभं राहिलं की समोर उजनीचं पाणी आणि पलीकडे इंदापूर तालुक्याचा काठ. त्या काठावरून थोडं पुढं गेलं की पुणे-सोलापूर महामार्ग लागतो. अंतर डोळ्यांनी मोजण्याएवढं. पण गाडीनं जायचं म्हटलं तर एक तर टेंभुर्णीकडून वळसा, नाही तर डिकसळच्या बाजूनं. म्हणून या काठाची माणसं वर्षानुवर्षं होडीत बसत आली.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. त्यात लहान मुलंही होती. एकटा माणूस पोहत काठाला लागला. हे गुन्हेगारीचं किंवा बेफिकिरीचं प्रकरण म्हणून चार दिवस चाललं आणि मागं पडलं. मूळ प्रश्न मात्र रस्त्याचा होता. देशातल्या एका मोठ्या महामार्गाच्या इतक्या जवळ राहूनही माणसाला बाजाराला, दवाखान्याला, सोयऱ्याच्या गावाला जायला होडीच का लागावी?

एक रस्ता, तीन प्रकारची माणसं

हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५. जुनी माणसं अजून त्याला ‘नऊ नंबर’ म्हणतात, कारण २०१० साली क्रमांक बदलण्याआधी तो राष्ट्रीय महामार्ग ९ होता. पुण्यातून निघून तो आंध्रातल्या मछलीपट्टणमपर्यंत जातो. आपल्या भागात पाटस, कुरकुंभ, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर, मग अणदूर, नळदुर्ग, जळकोट, उमरगा, आणि तलमोड ओलांडलं की कर्नाटक.

या एका रस्त्यावर तीन प्रकारची माणसं अवलंबून आहेत. उजनीच्या काठावर मासेमार, ऊसवाले आणि धरणात गाव गेलेले लोक. मध्ये सोलापूर शहर, म्हणजे कांद्याचा बाजार, मोठे दवाखाने, कॉलेज, कोर्ट-कचेरी. आणि टोकाला उमरगा तालुक्यातली सीमेवरची गावं, ज्यांचं अर्धं गणगोत बसवकल्याण, हुमनाबादकडे आहे. कागदावर हा रस्ता तिघांनाही जोडतो. जमिनीवर तिघांचीही अडचण वेगवेगळी आहे, पण कारण एकच. रस्ता आखताना हिशेब लांबून येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या गाडीचा झाला. आडवं ओलांडणाऱ्या माणसाचा हिशेब नंतर, तोही मागणी केल्यावर.

उजनीकाठ: दोनदा जमीन दिलेली गावं

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमेचं पाणी मागं दौंडच्या दिशेनं पसरलं आणि इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत तालुक्यांतली गावं उठली. जुनं पळसदेव पाण्यात गेलं. पाणी फार खाली गेलं की पळसनाथाचं मंदिर वर येतं आणि लोक फोटो काढायला गर्दी करतात. ज्यांची घरं त्याच पाण्याखाली आहेत, त्यांना त्या फोटोचं काय वाटत असेल ते वेगळंच.

त्यानंतर महामार्ग चौपदरी झाला. पुन्हा जमिनी गेल्या. म्हणजे काही कुटुंबांनी एकदा धरणाला दिलं, एकदा रस्त्याला.

धरणानं गावं उठवली तशा जुन्या वाटाही मोडल्या. पूर्वी नदी उन्हाळ्यात उतरून जाता यायची. आता ते शक्य नाही. याचं कारण उजनीच्या आकड्यात आहे. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यात उपयुक्त साठा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी, आणि मृतसाठा जवळपास ६४ टीएमसी. म्हणजे बातमीत ‘उजनी शून्य टक्के’ असं येतं तेव्हाही दोन काठांच्या मध्ये ६४ टीएमसी पाणी उभं असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. तरीही मे महिन्यात कुगाव-कळाशीच्या मध्ये माणसं बुडण्याएवढं पाणी होतंच. धरण आटलं तरी वाट मोकळी होत नाही, हे समजून घेतलं पाहिजे.

डिकसळचा पूल ही दुसरी वाट. तो मुळात इंग्रजांच्या काळातला रेल्वेचा पूल. धरणामुळे रेल्वेची लाइन बदलली आणि जुना पूल रस्त्यासाठी वापरात आला. करमाळ्याच्या पश्चिम भागाचा भिगवणशी संबंध याच पुलावर टिकला. पण पूल म्हातारा झाला, जड वाहनांना बंदी घालावी लागली. उसाची ट्रॉली, केळीची गाडी जाणार कुठून? कुगाव ते शिरसोडी नव्या पुलाची मागणी जुनी आहे आणि त्याला सरकारची मंजुरी मिळालेली आहे. तो पूल झाला तर करमाळा आणि इंदापूर खऱ्या अर्थानं शेजारी होतील. पण पूल उभा राहून पुढं दोन्ही बाजूंचा जोडरस्ता चांगला झाला नाही, तर ट्रॉली पुन्हा खड्ड्यातच अडकणार. पुलाबरोबर जोडरस्त्याची चौकशी करायला गावानं आत्तापासून लागलं पाहिजे.

टोलचा नियम आणि जिल्ह्याची हद्द

पुणे ते सोलापूर या टप्प्यात पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर असे चार टोलनाके. सोलापूरच्या पुढं फुलवाडी आणि तलमोड. १५ ऑगस्ट २०२५ पासून तीन हजार रुपयांचा वार्षिक पास आला. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. एक नाका ओलांडला की एक फेरी धरतात. म्हणजे पाटसहून सोलापूर गाठेपर्यंत चार फेऱ्या गेल्या, येताना चार.

हा पास फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनला आहे. शेतकऱ्याचा माल बाजारात नेणारी पिकअप व्यावसायिक गाडीत मोडते. तिला हा पास नाही. तिच्यासाठी जुना नियम आहे. टोलनाका ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या आणि नॅशनल परमिट नसलेल्या व्यावसायिक गाडीला काही अटींवर निम्मा टोल. अडचण अशी, की काठावरच्या माणसाचा बाजार जिल्ह्याची हद्द पाळत नाही. इंदापूरची एमएच-४२ ची पिकअप सरडेवाडीला सवलत मागू शकते, कारण नाका पुणे जिल्ह्यात. तीच गाडी कांदा घेऊन सोलापूरला निघाली की वरवडे आणि सावळेश्वरला पूर्ण टोल, कारण जिल्हा बदलला. उलट बाजूनं उमरग्याची एमएच-२५ ची गाडी फुलवाडी, तलमोडला स्थानिक धरली जाईल, पण सोलापूरची एमएच-१३ तिथं बाहेरची ठरते. लांबच्या ट्रकला या फरकानं फारसं काही होत नाही. पंधरा-वीस पिशव्या कांदा नेणाऱ्याला होतं.

नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला महिन्याचा सवलतीचा पास मिळतो. २०२५-२६ साठी तो ३५० रुपये होता. आधार कार्ड किंवा राहत्या पत्त्याचा पुरावा आणि गाडीचं आरसी बुक लागतं. दुचाकी आणि ट्रॅक्टरला महामार्गावर टोल लागत नाही.

ओलांडताना जातो तो जीव

देशात २०२२ साली रस्ते अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे देशातल्या एकूण रस्त्यांच्या साधारण दोन टक्के. पण त्यावर ३६ टक्के मृत्यू झाले. गेलेल्यांत दुचाकीवाले ४४ टक्क्यांच्या वर. चारचाकीवाल्यासाठी केलेल्या रस्त्यावर दुचाकीवाला जास्त मरतो, हा त्याचा सरळ अर्थ.

आपल्या भागात याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. शेत एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला. सर्व्हिस रोड अर्धवट, भुयारी रस्ता दोन-तीन किलोमीटरवर. मग दुचाकी उलट्या दिशेनं येते, नाही तर दुभाजक फोडून वाट केली जाते. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही, आणि मागून ताशी शंभरच्या वेगानं येणारी गाडी. यात चूक सगळी रस्त्याची नाही. रिफ्लेक्टर लावायला खर्च नगण्य आहे, कारखान्यानं आणि ट्रॅक्टरमालकानं तो लावलाच पाहिजे. पण माणूस रोज चूक करतो तेव्हा तिथं त्याला दुसरी सोपी वाटच ठेवलेली नाही, हेही बघावं लागतं.

सरकारी भाषेत ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे सुमारे ५०० मीटरचा असा तुकडा, जिथं तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी झालेले पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले. अशा ठिकाणी दुरुस्तीचं काम घ्यावं लागतं. पण मोजणी पोलिसांच्या नोंदीवरून होते. आपल्याकडं बरेच अपघात जागेवर मिटवतात. पाच-दहा हजार घेतले, झालं. त्या वेळी ते बरं वाटतं. पण नोंद नाही म्हणजे तो अपघात झालाच नाही, आणि ते वळण यादीत येतच नाही.

दुसरी माहिती घराघरात पाहिजे. मे २०२५ पासून अपघातात जखमी झालेल्याला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या दवाखान्यात पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. यालाही पोलिसांची नोंद लागते. महामार्गावरची ॲम्ब्युलन्स आणि मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे.

सीमेचं टोक

सोलापूर ते राज्यसीमा हा साधारण १०० किलोमीटरचा टप्पा. पुण्याकडचा भाग चौपदरी होऊन गाड्या पळू लागल्या, तेव्हाही नळदुर्ग-उमरगा पट्ट्यातलं काम वर्षानुवर्षं रेंगाळत राहिलं. उमरग्याच्या पेशंटला सोलापूर गाठायचं तर हाच रस्ता. रखडलेल्या कामाच्या ठिकाणी ॲम्ब्युलन्स धुळीत आणि वळणावर अडकते, ते नुकसान कुठल्याही टेंडरमध्ये धरलेलं नसतं.

शिवाय सीमेची स्वतःची कटकट. जीएसटी आल्यावर, म्हणजे १ जुलै २०१७ पासून, मालाच्या करासाठी सीमेवर थांबणं कमी झालं. पण सीमावाद पेटला की पहिली बंद होते ती एसटी. डिसेंबर २०२२ मध्ये हे झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा झालं. मोठ्या गाड्या दोन दिवसांत चालू होतात. बसवर अवलंबून असलेला कॉलेजचा पोरगा आणि लेकीकडं निघालेली म्हातारी तेवढे दिवस फाट्यावर थांबतात.

मोजायचं काय?

महामार्गाचं यश आजवर किती किलोमीटर चौपदरी झालं यावर मोजलं गेलं. कुगाव, पळसदेव, अणदूर, तलमोड या गावांसाठी माप वेगळं आहे. घरापासून महामार्गापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, आणि तो ओलांडताना माणूस सुखरूप घरी येतो का.

हे माप गावालाच घ्यावं लागेल. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. तिथं तीन ठराव होऊ शकतात. तीन वर्षांत गावाच्या हद्दीत कुठं कुठं अपघात झाले, याची पोलीस ठाण्याकडून लेखी माहिती घ्यायची. भुयारी रस्ता किंवा सर्व्हिस रोड कुठं पाहिजे, ते गट नंबरासह महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. आणि काठावरच्या गावांनी, पूल होईपर्यंत होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि वारं सुटलं की होडी बंद, हे ठरवून पाळायचं.

तिसऱ्या ठरावाला निधीची वाट बघायची गरज नाही. तो उद्यापासून लागू होऊ शकतो.