धांवणारे वीर आणि थांबलेली बुद्धि

अमेरिकेंतील चित्रकथांच्या, म्हणजे ज्यांना आपलीं मुलें कॉमिक्स म्हणतात त्यांच्या, भक्तमंडळींत एक वाद अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालला आहे: सुपरमॅन अधिक वेगवान कीं फ्लॅश? हा वाद ऐकून प्रौढ वाचकास हंसूं येईल. परंतु तें त्यानें क्षणभर आवरावें. वाद घालणारे सारेच पोरसवदा नसतात. त्यांत पदवीधर आहेत, शास्त्रज्ञ आहेत, मुलाबाळांचे संसारी गृहस्थ आहेत. जुन्या अंकांतील चौकट न् चौकट ते ज्या चिकाटीनें तपासतात, तिचा दशांश जरी आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं नेमलेल्या नाटकाच्या वाचनांत दाखविला असता, तरी आम्ही धन्य झालों असतों. तेव्हां त्यांचा दोष आळसाचा नव्हे. त्यांचें वाचन भलत्याच दिशेनें चाललें आहे, आणि तीच चूक आपणहि थोरामोठ्यांचे ग्रंथ वाचतांना करतों, म्हणून तिचा समाचार घेणें अवश्य वाटतें.

प्रथम हा वेग आला कोठून तें पाहूं. १९३८ सालीं सुपरमॅन पहिल्यानें छापला गेला तेव्हां त्यास उडतां येत नव्हतें. तो मैलाच्या अष्टमांशाएवढी उडी मारी आणि वेगवान आगगाडीपेक्षां अधिक जलद धांवे, एवढीच त्याची कीर्ति होती. दोन वर्षांनीं, १९४० सालीं, जे गॅरिक नांवाचा पहिला फ्लॅश अवतरला. आणि १९५६ सालीं त्या नांवाचा वारसा बॅरी ऍलन या पोलीसखात्यांतील शास्त्रज्ञाकडे गेला. प्रयोगशाळेंतील रसायनांवर वीज कोसळली, तीं त्याच्या अंगावर उडालीं, आणि त्यास वेग प्राप्त झाला. पुढें दोघांचेहि वेग वाढतच गेले. आगगाडी मागें पडली, बंदुकीची गोळी मागें पडली. एका सेकंदांत सुमारें ३,००,००० किलोमीटर जाणारा प्रकाश, तोहि मागें पडला. आणि अखेरीस काळहि. ही वाढ त्या वीरांच्या स्नायूंत झालेली नाहीं. दरमहा निघणाऱ्या अंकास गेल्या महिन्याच्या अंकाहून कांहीं तरी अधिक दाखवावें लागतें, या व्यापारी निकडींतून ती झाली. नोटा भरमसाट छापल्या म्हणजे रुपयाची किंमत उतरते; तशी पराक्रम भरमसाट छापल्यानें पराक्रमाची किंमत उतरली. अशा नोटा मोजून कोणता वीर अधिक श्रीमंत हें ठरविण्यांत काय हंशील?

बरें, या वादाला खाद्य पुरविलें कोणीं? खुद्द प्रकाशकांनीं. दोन्ही वीर एकाच कंपनीचे, डी. सी. कॉमिक्सचे. १९६७ च्या ऑगस्ट महिन्याच्या अंकांत त्यांची पहिली शर्यत लागली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या साह्यार्थ दोघे पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि पैजा लावणाऱ्या जुगाऱ्यांचा डाव फसावा म्हणून दोघांनीं संगनमतानें बरोबरीनें रेषा गांठली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत फ्लॅशच्या मासिकांत पुन्हां शर्यत, आणि निकाल पुन्हां अनिर्णीत. पहिली शर्यत सुपरमॅनच्या ग्राहकांसाठीं, दुसरी फ्लॅशच्या ग्राहकांसाठीं. दोघांचाहि मान राहिला आणि गल्ला दोन वेळां भरला. १९७० सालीं दोन अंकांवर पसरलेल्या शर्यतींत फ्लॅश जिंकला खरा, पण कसा? दोघेहि घायाळ व बलहीन होऊन जमिनीवर सरपटत असतां तो आधीं पोंचला. २००९ सालच्या एका कथेंत फ्लॅशनें सुपरमॅनला सुनावलें कीं, पूर्वींच्या शर्यती धर्मादायासाठीं होत्या. म्हणजे मागील सारे निकाल एका वाक्यानें रद्द! २०१७ च्या ‘जस्टिस लीग’ चित्रपटाच्या शेवटीं दोघे पुन्हां शेजारीं शेजारीं उभे राहिले, धांवूं लागले, आणि निकालापूर्वींच चित्र संपलें. ज्या पहिलवानांचा मालक एक, पंच तोच आणि तिकिटें विकणाराहि तोच, त्यांच्या कुस्तीचा निकाल पुराव्यानें ठरवूं पाहणारा मनुष्य भोळाच म्हणावा लागतो.

भक्त यावर म्हणतात, शर्यती सोडा, पराक्रम मोजा. त्यांचा आवडता दाखला २००३ सालच्या एका अंकांतला आहे. उत्तर कोरियांतील एका शहरांत अणुस्फोट होत असतां फ्लॅश (हा तिसरा, वॅली वेस्ट) तेथील सुमारें ५,००,००० माणसें स्फोटाची ज्वाला पोंचण्यापूर्वीं शहराबाहेर नेतो. यावरून हिशेबी मंडळींनीं अंतर काढलें, काळ काढला, भागाकार केला, आणि प्रकाशाच्या अब्जावधि पटींचा वेग वहींत जमा केला. परंतु त्या कथेंत तो माणसें एकेक, फार तर दोन दोन करून उचलून नेतो, आणि कोणालाहि मागें ठेवीत नाहीं. कोणाला वांचवावें व कोणाला मरूं द्यावें ही निवड करण्याचेंच तो नाकारतो, म्हणून त्यास तो वेग लागतो. करुणा हें तेथें कारण, वेग हें केवळ साधन. हिशेबनिसानें साधन टिपून घेतलें आणि कारण गाळलें. आमचा मुख्य आक्षेप आहे तो येथें.

यावर दोन शंका संभवतात. पहिली अशी कीं, या वादांतून शास्त्राची गोडी लागते. मिनेसोटा विद्यापीठांतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनीं २००५ सालीं याच वीरांच्या आधारें पदार्थविज्ञान समजावून देणारें पुस्तक प्रसिद्ध केलें, हें खरें आहे. पण त्यांची रीत निराळी आहे. एक अशक्य गोष्ट गृहीत धरावयाची, आणि मग हवेचा रोध किती होईल, घर्षणानें उष्णता किती उत्पन्न होईल, पाण्यावरून धांवतां येईल काय, हें सृष्टीच्या नियमांनीं शोधावयाचें. तें उत्तर पडताळून पाहतां येतें. दोन कल्पित वीरांत जलद कोण, याचा नियम सृष्टींत कोठेंच लिहिलेला नाहीं. तो पुढील महिन्याच्या लेखकाच्या टांकांत असतो.

दुसरी शंका आपल्या घरची आहे. कर्ण थोर कीं अर्जुन, हा वाद आपण पिढ्यान् पिढ्या घालतों, तो काय निराळा? निराळा असतो, आणि नसतोहि. कवचकुंडलें दान करून बसलेल्या योद्ध्यास, रथाचें चाक भूमींत रुतलें असतां मारणें न्याय्य होतें काय, असें आपण विचारतों तेव्हां तो वाद दैवाचा, शीलाचा आणि धर्माचा असतो. कोणाचे बाण किती व कोणाचें अस्त्र कोणत्या अस्त्राला भारी, एवढ्यावर तो उतरला म्हणजे आपणहि त्या अमेरिकन मंडळींच्याच पंगतीस बसतों. दोन कवींच्या गुणांची तेरीज मांडून एकास पहिला व दुसऱ्यास दुसरा नंबर देणारी आपली टीकाहि त्याच पंगतींतली. आणि असली टीका शिकविण्याचें पाप आम्हां प्राध्यापकांच्या माथीं आहे, हेंहि कबूल केलें पाहिजे.

या मोजदादींत ज्यांचा विसर पडतो ते म्हणजे निर्माते. जेरी सीगेल व जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनीं १९३८ सालीं सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरांस देऊन टाकले. मानसपुत्र प्रकाशाला मागें टाकीत असतां त्याचे जनक विपन्नावस्थेंत दिवस कंठीत होते. शुस्टरची तर दृष्टीहि अधू झाली होती. १९७५ सालीं सीगेलनें आपलें गाऱ्हाणें वृत्तपत्रांपुढें मांडलें, नील ऍडम्ससारखे चित्रकार पाठीशीं उभे राहिले, आणि तेव्हां कोठें दोघांस प्रत्येकीं वार्षिक २०,००० डॉलरांचें वेतन मिळालें व सुपरमॅनच्या कथांवर त्यांचीं नांवें पुन्हां झळकलीं. ज्या धनादेशांत ते १३० डॉलर होते, तो कागद २०१२ सालीं लिलांवांत १,६०,००० डॉलरांस गेला! सुपरमॅन किती जोरानें धांवतो हें विचारून कोणाचें कांहीं भलें झालें नाहीं. तो कोणीं घडविला व त्यास काय मिळालें हें विचारल्याबरोबर दोन वृद्धांचें उर्वरित आयुष्य सुसह्य झालें. प्रश्नाप्रश्नांत एवढा फरक असतो.

चित्रकथा मुलांच्या हातून काढून घ्या असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पुढें जो वाचक व्हावयाचा तो वाचनाची दीक्षा कोठेंहि घेवो. मात्र घरांतील मुलानें “दोघांत जलद कोण?” म्हणून विचारल्यास त्यास हंसून वाटेला लावूं नये, किंवा त्याच्याबरोबर कोष्टकें मांडीतहि बसूं नये. “ज्यानें ती गोष्ट लिहिली त्याच्या मनांत असेल तो,” असें खरें उत्तर द्यावें, आणि मग त्यालाच उलट विचारावें, “आतां तूं सांग, तो धांवला कोणासाठीं?” या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं त्यास ती गोष्ट पुन्हां उघडावी लागेल, आणि या खेपेस तो ती वाचील.