सर्व्हर गेला, आता तुम्हीच पावती आणा

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. तुमच्या घरपट्टीचा विषय आहे.

आमच्या गल्लीतल्या काकूंना मागच्या आठवड्यात नगरपालिकेची नोटीस आली. २०२०-२१ ची घरपट्टी थकीत, त्यावर दरमहा २ टक्के शास्ती, आणि ती शास्ती आता मूळ रकमेच्या बरोबरीला आलेली. काकूंनी ती पट्टी मार्च २०२१ मध्ये रांगेत उभं राहून रोख भरली होती. पावती मिळाली होती. ती पावती जुलै २०२१ च्या पुरात गेली. कृष्णेचं पाणी घरात छातीएवढं होतं, तिथं पावतीची फाईल कोण वाचवणार?

खिडकीवर त्यांना सांगितलं, "मावशी, त्या सालाचा डेटा सर्व्हरमधनं गेलाय. पावती असंल तर आणा, नसंल तर भरावं लागंल."

काकू नोटीस घेऊन माझ्याकडं आल्या. "तू कॉम्प्युटरचंच करतोस न्हवं? मग ह्यो डेटा गेला म्हंजे कुठं गेला?"

हा प्रश्न पालिकेच्या सभेत एकाही नगरसेवकानं विचारला नाही. सातवी शिकलेल्या काकूंनी विचारला. पालिकेचं नाव मी घेत नाही, कारण शेजारच्या पाच पालिकांमध्ये जाऊन बघितलं तर फार वेगळं चित्र दिसेल अशी मला खात्री नाही.

मी गेली अठरा वर्षं डेटाबेस सांभाळायचं काम करतो. आमच्या धंद्यात याला डीबीए म्हणतात. २०२२ मध्ये त्या पालिकेचा सर्व्हर बसला तेव्हा तिथल्या ओळखीच्या एकानं मला फोन केला होता, जरा येऊन बघ म्हणून. त्यामुळे डेटा कुठं गेला हे मला माहीत आहे.

सर्व्हर म्हणजे वॉश बेसिनच्या शेजारच्या कपाटात ठेवलेला एक कॉम्प्युटर. त्यात एकच हार्ड डिस्क, तिचे दोन भाग केलेले, सी आणि डी. डेटाबेस सी वर. रोज रात्री बॅकअप घ्यायचं काम विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावलेलं, आणि तो बॅकअप जायचा डी वर. म्हणजे घराची किल्ली हरवली तर अडचण नको म्हणून दुसरी किल्ली त्याच जुडग्यात लावून ठेवलेली. डिस्क गेली की दोन्ही गेले.

पण खरी मजा पुढे आहे. डिस्क गेली नसती तरी उपयोग नव्हता. ते रात्रीचं काम एका कर्मचाऱ्याच्या लॉगिनवर चालायचं. जानेवारी २०२१ मध्ये त्यानं पासवर्ड बदलला. टास्कमध्ये जुनाच पासवर्ड राहिला. त्या रात्रीपासून बॅकअप रोज फेल व्हायला लागला, आणि चौदा महिने फेल होत राहिला. डिस्कमधून जेवढं वाचता आलं त्यात त्या सगळ्या नापास रात्रींची नोंद होती. कोणी उघडून बघितलीच नाही. बघायचं कोणाच्या कामात लिहिलेलंच नव्हतं.

मग जानेवारीपर्यंतचा डेटा कसा वाचला? ऑडिटसाठी कोणीतरी एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली होती आणि ती ड्रॉवरमध्ये पडून होती. एका गावाचा करवसुलीचा इतिहास एका ड्रॉवरच्या कृपेनं वाचला.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडं असंच चालतं. तर नाही, असं मोठमोठ्यांकडंही होतं. गिटलॅब नावाची कंपनी आहे, जगभरातले प्रोग्रामर आपला कोड तिथं ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक थकलेला इंजिनियर एका सर्व्हरवरचं फोल्डर पुसायला गेला आणि चुकून मुख्य डेटाबेसच्या सर्व्हरवर ती कमांड दिली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले, तर बॅकअपची जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं, म्हणून ते गुपचूप नापास होत होतं. नापास झाल्याचे ईमेल सुटत होते, पण तेही मधेच नाकारले जात होते. वाचले कशामुळे? सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेल्या एका प्रतीमुळे. त्यांचाही ड्रॉवरच.

मग फरक काय? त्यांनी त्याच रात्री जगाला सांगितलं. दुरुस्तीच्या नोंदी सगळ्यांना वाचता येतील अशा उघड्यावर लिहिल्या, काम चालू असताना यूट्यूबवर थेट दाखवलं. नंतर कारणांसकट अहवाल छापला: सुमारे सहा तासांचा डेटा गेला, साधारण ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती. चूक करणाऱ्याला बळी दिलं नाही. आणि ग्राहकाला "तुमच्याकडं पुरावा असेल तर आणा, नाहीतर दंड" असली नोटीस तर नाहीच नाही.

आमच्या पालिकेनं काय केलं? चौदा महिन्यांचा डेटा गेला हे गावाला एका ओळीच्या सूचनेनंही सांगितलं नाही. नवा सर्व्हर घेतला, फोटो काढला, नारळ फोडला. आणि ज्यांच्या नोंदी गेल्या त्यांना थकबाकीदार ठरवलं.

इथं माझं डोकं फिरतं, आणि का फिरतं ते नीट सांगतो. रोखपालाची कीर्द कागदावर आहे. बँकेत रोज भरलेल्या रकमेची चलनं आहेत. मार्च २०२१ मध्ये रोज किती घरपट्टी जमा झाली हे पालिकेला आजही माहीत आहे. पैसे आले, हे ती नाकारू शकत नाही. कोणाचे आले, एवढंच तिला माहीत नाही, कारण ती माहिती फक्त डेटाबेसमध्ये होती आणि डेटाबेस तिनं घालवला. म्हणजे पैसे आल्याचा पुरावा पालिकेकडं, आणि दंड मात्र पुरात पावती गेलेल्या बाईला! वर सगळ्या थकबाकीदारांची बेरीज केली तर ती कीर्दीतल्या जमेशी जुळणारच नाही, हे कुठल्याही जुन्या दिवाणजीनं पहिल्या तासात सांगितलं असतं.

आणि हे फक्त बॅकअपपुरतं नाही. मी तो डेटाबेस आतून बघितला. ज्याला आपण रिलेशनल डेटाबेस म्हणतो, त्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना मांडली. त्याचा निम्मा फायदा नियमांत आहे. एका मालमत्तेला एकच क्रमांक. जी मालमत्ताच नाही तिच्या नावानं पावती फाडता येणार नाही. रक्कम रिकामी सोडता येणार नाही. हे नियम एकदा डेटाबेसला सांगितले की तो खमक्या हेडक्लार्कसारखा चुकीची नोंद दारातूनच परत पाठवतो. इथं सगळे नियम काढून टाकलेले होते. का? तर "एंट्री अडते, ऑपरेटर ओरडतात." अरे, अडली पाहिजे! अडते म्हणजेच काहीतरी चुकतंय. नियम काढल्यावर एंट्री अडायची थांबली आणि एकाच घराच्या तीन नोंदी झाल्या. तिन्हींना पट्टी निघते. माणूस एक भरतो, दोन थकीत राहतात.

नावांचं तर विचारूच नका. मालकाच्या नावाच्या रकान्याची लांबी ३० होती. तुम्ही म्हणाल, ३० अक्षरं पुरतील की. पण ती ३० अक्षरं नव्हतीच, ३० बाइट होते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत तीन. "श्रीकृष्ण" मोजा: श, हलन्त, र, वेलांटी, क, ऋकार, ष, हलन्त, ण. नऊ खुणा, २७ बाइट. त्यापुढं एक मोकळी जागा सोडली की आडनावाचं पहिलं अक्षरसुद्धा मावत नाही. डेटाबेस म्हणतो जागा नाही, मग ऑपरेटर बिचारा नाव तोडतो. ओरॅकलमध्ये वेगळं सांगितलं नाही तर लांबी बाइटमध्ये धरतात, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अक्षरांत. दोन्हींत मराठी उत्तम चालतं, फक्त बनवणाऱ्यानं टेबल करताना एक मिनिट मराठीचा विचार करायला हवा.

तसाच तो "ऱ". कऱ्हाडमधला "ऱ" दोन पद्धतींनी टाइप होतो: एक सलग अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेससाठी ती दोन वेगळी नावं. यावर उपाय जुना आणि फुकट आहे, साठवण्याआधी सगळं एका रूपात आणायचं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०२० पासून त्यासाठी तयार फंक्शनच आहे. ते वापरत नाहीत, आणि मग तुमचं नाव "सापडत नाही". मग तुम्ही प्रतिज्ञापत्र करा. चूक टेबल बनवणाऱ्याची, स्टॅम्पपेपर तुमचा.

मी साधू नाही, हेही सांगतो. नवीन असताना एका पतसंस्थेत मी एका सभासदाचा पत्ता बदलायला गेलो आणि कमांडमध्ये "व्हेअर" लिहायला विसरलो. एका क्षणात सगळे सभासद एकाच वाडीचे रहिवासी झाले. हात थरथरत होते. पण तिथला म्हातारा मॅनेजर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्यायचा आणि दहा खाती कागदाशी ताडून बघायचा. त्याला एसक्यूएलचं अक्षर येत नव्हतं. आदल्या रात्रीची प्रत चाळीस मिनिटांत उभी राहिली. त्या दिवसापासून मी आधी "बिगिन" लिहितो, मग बदल करतो, किती ओळी बदलल्या ते बघतो, आणि तेव्हाच "कमिट". आकडा चुकला तर "रोलबॅक".

त्या मॅनेजरचं जे काम, ते आपल्या टेंडरमध्ये नसतं. टेंडरमध्ये सर्व्हर असतो, यूपीएस असतो, एसी असतो, टेबल-खुर्चीसुद्धा असते. डेटाबेस सांभाळणारा माणूस नसतो. पैसे नाहीत म्हणावं तर पोस्टग्रेएसक्यूएलला लायसन्सचा एक रुपया पडत नाही. छोट्या पालिकेला डीबीए परवडत नाही, हे मान्य. मग जिल्ह्यातल्या सगळ्या पालिका मिळून दोघं ठेवा. महिन्यातून एकदा प्रत्येक पालिकेचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवा आणि शंभर मालमत्ता कीर्दीशी ताडा. एवढंच करायचं आहे.

"आता सगळं क्लाऊडवर जाणार, काळजी मिटली," असं परवा एक नगरसेवक मला म्हणाले. साहेब, क्लाऊडवर डिस्क बदलायचं काम दुसरा करतो. तुमच्या माणसानं चुकून टेबल पुसलं तर क्लाऊड ते आज्ञाधारकपणे पुसतो, आणि सोबतची जुळी प्रत ठेवली असेल तर तिच्यावरही काही क्षणांत पुसतो. जुळी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. परत उभा करून बघितलेला बॅकअप तोच बॅकअप, बाकी सगळी फाईलींची नावं.

मी माहिती अधिकारात अर्ज तयार केलाय. आपल्याकडं अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, म्हणून चारच प्रश्न. करवसुलीच्या डेटाबेसचा बॅकअप शेवटचा कधी परत उभा करून तपासला, त्या तपासणीची नोंद द्या. बॅकअपची प्रत मुख्य सर्व्हरच्या इमारतीबाहेर कुठं आहे? डेटाबेसचा मुख्य पासवर्ड पालिकेच्या कोणत्या पदाकडं आहे, की फक्त ठेकेदाराकडं? आणि ठेका संपल्यावर संपूर्ण डेटा टेबलांच्या रचनेसह पालिकेला परत देण्याचं कलम करारात आहे का, असल्यास प्रत द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि हेच चार प्रश्न तुमच्या पालिकेलाही विचारा. मसुदा हवा असेल तर मागा, पाठवतो.

अर्ज सोमवारी देतोय. काकूंच्या नोटिशीवर लेखी हरकतही त्याच दिवशी, मार्च २०२१ च्या कीर्दीची नक्कल मागून. जानेवारी २०२१ ते मार्च २०२२ या काळात घरपट्टी भरलेल्या आणि आता नोटीस आलेल्या आणखी कोणाला सोबत यायचं असेल तर सकाळी साडेदहाला पालिकेच्या पायरीवर भेटा. पावती असो वा नसो, या.