पर्यावरणाच्या वहीत माणूस कुठे आहे?

परवा नातवाच्या पर्यावरण प्रकल्पाची वही हाती आली. विषय 'घनकचरा व्यवस्थापन'. दुकानातून आणलेली छापील चित्रे, स्केचपेनच्या हिरव्या चौकटी, शेवटी घोषवाक्य. शेरा, 'उत्तम'. सहज विचारले, "आपला कचरा रोज कोण नेतं रे?" म्हणाला, "गाडी."

गाडी! आमच्या वारज्यातल्या सोसायटीत रोज सकाळी 'स्वच्छ'च्या दोघी जणी जिने चढून दारोदार येतात, ओला-सुका हाताने निवडतात. त्या या वहीत नाहीतच. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच निघालेल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार करून घरोघरचे काम हाती घेतले. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावे लागणार नाही, एवढे साधे त्यांचे मागणे. यात आरोग्य आहे, जात आहे, बाईमाणसाचे जगणे आहे. आणि आपण मुलांना शिकवतो काय, तर कचऱ्याचे प्रकार किती व कोणते!

पर्यावरण हा विषय सक्तीचा करावा असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले. चांगलेच झाले. आपण त्याची वृक्षदिंडी आणि तक्ते केले. मीही त्यातलीच, बरं का! माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई कचरा वेचायची. 'प्रदूषण' शिकवताना ती मान खाली घालून बसे. त्या विषयातले आम्हा सगळ्यांपेक्षा तिला जास्त ठाऊक होते. मी तिला एकदाही बोलते केले नाही. उलट प्रकल्पाला गुण कमी दिले, कारण चित्रे नव्हती. चित्रांना पैसे पडतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

कुणी म्हणेल, हे तर नागरिकशास्त्र झाले. अहो, प्राथमिकच्या पुस्तकाचे नावच 'परिसर अभ्यास' आहे. परिसर काय माणसे वगळून असतो? २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचे पाणी सोडले आणि ते नदीपलीकडे एकतानगरीत घराघरांत शिरले. त्या आठवड्यात नातवाच्या वर्गात धडा चालू होता, 'पाणी वाचवा'.

असो. काल सकाळी दार त्यालाच उघडायला लावले. मावशींशी दहा मिनिटे बोलला, वहीची दोन पाने भरली. आता विचारतोय, "आजी, पण हे शाळेत चालेल का?"