रांगेत शेवटी कोण?

सुरगाण्याला गेलो की आश्रमशाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी हमखास भेटतात. मागच्या खेपेस त्यांच्या हातात एका परदेशी फंडाचे पत्रक होते. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने ते पाठवलेले. "वकीलसाहेब, पोरगं म्हणतं, ठेवीपेक्षा व्याज जास्त आणि पैसा पन्नास ठिकाणी विभागलेला. मग बुडेल कसा? ग्रॅच्युइटी टाकू का?"

पत्रकातला नेमका शब्द मुलाने सांगितला नव्हता. तो म्हणजे 'सबऑर्डिनेटेड', मराठीत गौण रोखे. कंपनी बुडाली की देणी कोणत्या क्रमाने फेडायची, हे आपल्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये लिहिले आहे. कामगारांचे २४ महिन्यांचे देणे आणि तारण घेतलेली कर्जे वर, भागधारक तळाला. गौण रोखे घेणारा मात्र इतर सर्व कर्जदात्यांच्या मागे उभा राहायचे करारातच कबूल करतो. जास्तीचे व्याज त्या कबुलीचे असते. बँकांच्या रोख्यांत तर याहून कडक अट असते: बँक अडचणीत आली तर रोखा शून्य.

ही अट कागदावरच राहील, असे मानणाऱ्यांचे डोळे मार्च २०२० मध्ये उघडले. येस बँकेचे सुमारे ८,४१५ कोटींचे रोखे एका फटक्यात पुसले गेले. भागधारक मात्र उरले! म्हणजे कायद्याची रांगच उलटी झाली. सेबीच्या चौकशीत उघड झाले की, या रोख्यांत १,३४६ सामान्य व्यक्तींचे सुमारे ६७९ कोटी होते आणि त्यांतल्या काहींनी मुदत ठेवी मोडून ते घेतले होते. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली, मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये क्रेडिट स्विसचे सुमारे १६ अब्ज फ्रँकचे असेच रोखे शून्य झाले आणि युरोपातल्या अशा रोख्यांच्या ईटीएफचे भाव गडगडले.

सेबीने ऑक्टोबर २०२० मध्ये बँकांच्या या रोख्यांसाठी किमान एक कोटीची अट घातली आणि नव्या विक्रीतून सामान्य गुंतवणूकदाराला वगळले. चांगले केले. पण म्युच्युअल फंडाला हे रोखे घेता येतातच. मार्च २०२१ मध्ये त्यावर मर्यादा आली, एका योजनेत दहा टक्के. म्हणजे पुढचे दार बंद, मागचे किलकिले. ज्याला एक कोटीचा रोखा घेऊ द्यायचा नाही, त्याच्याच दोन हजारांतून फंड तो घेतो, आणि अट इंग्रजीत, चाळिसाव्या पानावर!

ईटीएफ वाईट नाही. २०१९ चा भारत बॉण्ड ईटीएफ सर्वोच्च पतमानांकनाच्या सरकारी कंपन्यांचे रोखे घेतो. पन्नास रोख्यांत एक बुडाला तर पन्नासावा हिस्सा जातो, हेही खरे. पण संकट आले की सगळे एकदम विकायला धावतात आणि पन्नासही जण रांगेत मागेच उभे असतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. इथे तोही नाही.

१९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी बाजाराकडे पाठ फिरवावी, असे मी म्हणणार नाही. मुलाचा पगार चालू आहे, त्याने थोडे घेऊन पाहावे. गुरुजींना म्हटले, ग्रॅच्युइटी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवा.

गुरुजींनी पत्रक घडी करून खिशात ठेवले. पोराला आज रात्रीच फोन करतो म्हणाले.